नाही ऐकायचा तास

तांबोळी मॅडमना विनोद कळत नाहीत, असं आमच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांचं ठाम मत होतं. ते मत तयार करण्यात आणि पसरवण्यात माझा वाटा मोठा होता, कारण त्यांना न कळलेले बरेचसे विनोद माझे होते.

उदाहरणार्थ, रोहनचा. नववीत रोहन नावाचा मुलगा होता. चालणं नाजूक, बोलताना हात फार हलवायचा, गॅदरिंगला मुलींच्या बरोबरीनं नाचायचा. मी त्याचं नाव 'महाराणी' ठेवलं होतं. वर्गात नव्हे, तेवढी अक्कल होती, स्टाफरूममध्ये. पण स्टाफरूममधलं नाव वर्गात पोचायला एक मधली सुट्टी पुरते. एकदा तो वह्यांचा गठ्ठा ठेवून गेला आणि मी म्हणालो, "महाराणींची स्वारी येऊन गेली की वह्यांनासुद्धा सेंटचा वास येतो." सगळे हसले. तांबोळी मॅडमना शाळेत येऊन तेव्हा जेमतेम महिना झाला असेल. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि माझ्याकडे वळल्या.

"सर, मला कळला नाही. जरा समजावून सांगता?"

टोमणा असेल असं वाटून मी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. टोमणा दिसला नाही. खरंच विचारत होत्या.

"अहो, तो चालतो कसा बघा ना."

"कसा?"

"म्हणजे... बायकांसारखा."

"बरं. मग?"

"मग काय! महाराणी."

"बायकांसारखं चालण्यात हसण्यासारखं काय आहे, ते राहिलं सर. मी रोज चालते."

कोणी हसलं नाही. मी आणखी दोन वाक्यं बोललो, ती आता आठवतसुद्धा नाहीत. एवढं आठवतं की चहा गार झाला आणि तो विनोद माझ्याच हातात मेला. त्यानंतर मी तो पुन्हा केला नाही, पण मॅडम बेरकी आहेत असं चार जणांना सांगितलं मात्र.

मॅडम विज्ञान शिकवायच्या. वडिलांचं कासारवाडीला हायवेच्या कडेला दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज होतं. मुख्याध्यापकांची स्कूटर एकदा गेटापाशी बंद पडली, आम्ही चौघं पुरुष भोवती उभं राहून सल्ले देत होतो, तेव्हा बाईंनी आपल्या गाडीच्या डिकीतून पाना काढला, प्लग पुसला, परत बसवला आणि हात धुवायला निघून गेल्या. खडू चष्म्याच्या जुन्या डबीत ठेवायच्या. आवाज इतका हळू की मागच्या बाकावरच्या पोरांना गप्प बसण्यावाचून गत्यंतर नसायचं. आणि त्यांची एक अजब रीत होती. मूल उत्तर द्यायला उभं राहिलं की त्याला 'तुम्ही' म्हणायच्या. बसलेल्याला 'तू', उभ्याला 'तुम्ही'. "बोला शिंदे, तुमचं म्हणणं काय?" उत्तर झालं की म्हणायच्या, "बसा." आमची पोरं म्हणजे बहुतेक कंपनी कामगारांची. घरी आईबाप पाळीवरून दमून आलेले, त्यांना 'ए' आणि 'चल सरक' याची सवय. तेरा-चौदा वर्षांच्या पोराला कोणी 'बसा' म्हटलं की ते कसं ताठ होऊन बसायचं ते पाहण्यासारखं होतं. मी पाहिलं आणि आपण असं करावं असं मला एकदाही वाटलं नाही.

शनिवारी सकाळी कवायतीनंतर नववीला एक मोकळा तास होता. तो मॅडमनी मागून घेतला. त्याचं कागदावरचं नाव काहीतरी लांबलचक होतं, नातेसंबंध वगैरे. पोरं त्याला 'नाही ऐकायचा तास' म्हणायची. माझा दहावीचा वर्ग शेजारीच, मधे नुसती पत्र्याची भिंत, त्यामुळे तो तास मी फुकटात ऐकला. जे दिसायचं नाही ते पोरांकडून कळायचं.

खेळ साधा होता. एकानं उभं राहून दुसऱ्याकडे काहीतरी मागायचं. पेन, डब्यातली चकली, सायकलवर एक चक्कर, सुट्टीत बरोबर बसणं, काहीही. समोरच्यानं म्हणायचं, "नाही." कारण सांगायचं नाही, हसायचं नाही, सॉरी म्हणायचं नाही. मग मागणाऱ्यानं म्हणायचं, "बरं." बस्स. का असं विचारायचं नाही, पुन्हा मागायचं नाही, तोंड पाडायचं नाही. बरं म्हटलं की मॅडम म्हणणार, "बसा."

पहिल्या दिवशी मॅडम स्वतः उभ्या राहिल्या. एका मुलीला म्हणाल्या, "मला तुमची पाण्याची बाटली देता का?" मुलगी घाबरून बाटली काढायलाच लागली. "नाही म्हणा," मॅडम म्हणाल्या. बराच वेळ कुजबुज, मग बारीक आवाजात "नाही मॅडम." मॅडम "बरं" म्हणाल्या आणि खुर्चीवर बसल्या. वर्ग खदखदून हसला. मीही पत्र्याच्या अलीकडे हसलो. फळ्याकडे तोंड होतं म्हणून दहावीला दिसलं नाही.

मग पोरांची पाळी. "का पण? मी काय खाणारे का तिचा पेन?" "मॅडम, ही शायनिंग मारते." "एकदाच दे ना राव." "मग मी पण तुला कधी देणार नाही, जा." मॅडम दर वेळी एवढंच म्हणायच्या, "पुन्हा उभे राहा." एक जण तर "बरं" म्हणाला आणि पाठोपाठ बाकाला लाथ मारली. त्यालाही पुन्हा उभं केलं. "बरं तोंडानं म्हणालात. पायांनी अजून म्हणाला नाहीत."

त्यांत अश्विनी नावाची एक मुलगी होती. लातूरकडची. वडील चाकणला एका कंपनीत, आई दुसऱ्या कंपनीत पॅकिंगला, राहायला संत तुकाराम नगरजवळ. अबोल आणि हुशार. तिला 'नाही' म्हणता येईना. सलग तीन शनिवार ती उभी राहायची, समोरचा मागायचा, आणि ती मुकाट्यानं वस्तू पुढे करायची. पोरं हसायची. मॅडम म्हणायच्या, "असू दे. पुढच्या शनिवारी." चौथ्या शनिवारी पत्र्याच्या पलीकडून एक "नाही" ऐकू आलं, चांगलं खणखणीत, आणि सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. मी दहावीला म्हणालो, "शेजारी लग्न लागलंय वाटतं." दहावी हसली.

आता माझ्या मुलाबद्दल सांगायला हवं. इथपर्यंत ते टाळलं, हे माझ्या लक्षात आहे.

माझा सुजय त्याच नववीत होता. उंच, देखणा, क्रिकेटमध्ये पहिला. मास्तरांचा मुलगा म्हणून थोडा लाडावलेला. त्या तासात त्याची पाळी आली की तो इतक्या ऐटीत "बरं" म्हणायचा की मॅडमचं "बसा" यायच्या आत बसलेला असायचा. मला कौतुक वाटायचं.

दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या एका रविवारी तांबोळी मॅडम आमच्या आकुर्डीच्या घरी आल्या. आधी फोन नाही, काही नाही. सुनंदानं, माझ्या बायकोनं, चहा टाकला. सुजय मैदानावर गेला होता. मॅडम चहाचा कप हातात धरून बसल्या आणि त्यांच्या त्या हळू आवाजात म्हणाल्या, "सर, मुख्याध्यापकांकडे जायच्या आधी तुमच्याकडे आलेय. सुजय अश्विनीच्या मागे जातो. क्लासपासून तिच्या बिल्डिंगपर्यंत. खाली सायकल लावून बसून राहतो. मोबाइलवर मेसेज करतो, तिच्या आईच्या फोनवर. तिनं त्याला नाही म्हटलंय. चार वेळा."

मी हसलो. मी खरंच हसलो. "अहो मॅडम, या वयात होतंच. आपण काय लहान नव्हतो का?"

"मला कळलं नाही सर," मॅडम म्हणाल्या.

"म्हणजे मुलगा आहे. आवडली असेल. वाईट काय केलंय त्यानं? हात तर लावला नाही ना?"

"ती आता क्लासला जायला घाबरते. तीन शनिवार लागले तिला एक शब्द बोलायला. तो बोलूनही उपयोग होत नाही असं तिला कळलं, तर पुन्हा ती कधी बोलेल? मुलगा चांगला आहे सर तुमचा. त्याला फक्त बरं म्हणता यायला हवं. तुम्ही सांगितलंत तर ऐकेल."

त्या खरं बोलत होत्या हे मला त्याच क्षणी कळलं होतं. कळलं म्हणूनच राग आला. आणि मी म्हणालो, "आमच्या घरातलं आम्ही बघू. तुमच्याकडे मुलांना कसं वाढवतात मला माहीत नाही, आमच्याकडे संस्कार असतात."

तुमच्याकडे. हा शब्द माझ्या तोंडून निघाला. तोपर्यंत मी स्वतःला मोकळ्या विचारांचा माणूस समजत होतो. ईदला त्यांच्या डब्यातला शीरखुर्मा स्टाफरूममध्ये सगळ्यात आधी मीच संपवायचो.

मॅडमनी कप टीपॉयवर ठेवला. "बरं," म्हणाल्या. उठल्या, दारात सुनंदाला "येते ताई" म्हणाल्या आणि गेल्या. सुनंदानं कप उचलला, त्यात बघितलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "चहा तसाच राहिला त्यांचा."

सुजयला मी त्या रात्री काहीच विचारलं नाही. उलट, जेवताना त्याच्या ताटात जास्तीचं श्रीखंड वाढलं.

आता अर्जाचं. माझं अक्षर चांगलं आहे. शाळेच्या फळ्यावर रोजचा सुविचार मी लिहितो. वर्गणीची यादी, निरोपाचं मानपत्र, पालकांचे अर्ज, सगळं माझ्याकडे येतं. कुणाला महापालिकेत पाण्याची तक्रार करायची असली तरी गल्लीतली माणसं म्हणतात, "कुदळे सर, तुमच्या हातचा अर्ज असला की साहेब वाचतो तरी." पुढच्याच आठवड्यात तीन-चार पालक माझ्याकडे आले. त्या तासानं घराघरात गोंधळ सुरू झाला होता. "सर, आमची पोरगी भावाला म्हणती, मी पाणी देणार न्हाई, तू नुसतं बरं म्हण. असं असतंय व्हय?" दुसरे म्हणाले, "पोरापोरींना समोरासमोर उभं करून काय मागायला लावतात राव? बंद करा ते." मला हसू यायला हवं होतं. एरवी आलं असतं. मी कागद घेतला.

'सविनय' पासून सुरुवात केली. त्यांनी सांगितलेलं सगळं नीट परिच्छेद पाडून लिहिलं. आणि शेवटी एक वाक्य घातलं, जे त्यांतल्या एकाही पालकानं म्हटलं नव्हतं. 'सदर शिक्षिका आपल्या संस्कृतीशी व कुटुंबपद्धतीशी परिचित नसल्यामुळे मुलांच्या मनावर विपरीत परिणाम होत आहे.' ते वाक्य माझं. पालकांनी वाचलं, "भारी लिहिलंत," म्हणाले, आणि सह्या केल्या. माझी सही त्यावर कुठेच नव्हती.

मुख्याध्यापकांनी मॅडमना बोलावलं आणि सुजयबद्दलचं काही ऐकून न घेता अर्ज पुढे ठेवला. बाहेर आल्या तेव्हा मी फळ्यावर सुविचार लिहीत होतो. त्या माझ्यामागे थांबल्या. मी लिहीत राहिलो. वळायची हिंमत नव्हती. सुविचार स्त्रीच्या सन्मानाबद्दल होता, हे मी बनवून सांगत नाही. ओळ पूर्ण झाल्यावर त्या म्हणाल्या, "अक्षर छान आहे सर. एवढ्या मोठ्या अर्जात खाडाखोड एकही नाही."

एवढंच. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मुख्याध्यापकांनी विचारलं असतं तर मी नाकारलं असतं, याची मला खात्री आहे, आणि त्यांनाही होती.

तास बंद झाला. शनिवारच्या त्या मोकळ्या वेळात नववीला जादा बीजगणित द्यायचं ठरलं, आणि ते माझ्याकडे आलं. मी त्या वर्गात गेलो तेव्हा दुसऱ्या बाकावर अश्विनी खाली मान घालून बसली होती आणि मागे सुजय मित्रांबरोबर हसत होता. मी समीकरणं सोडवत राहिलो. जानेवारीत तिचा बाक रिकामा दिसायला लागला.

तिचे वडील दाखला न्यायला आले, ते रात्रपाळी करून तसेच, कंपनीचा निळा शर्ट अंगात. मला ओळखत होते. माझ्यासमोर उभे राहून म्हणाले, "सर, आमी दोघंबी कंपनीत जाताव. लेकराकडं कोण बघंल? मामाकडं पाठवून दिलो लातूरला." मग दाखला खिशात ठेवत, "तुमचं लेकरू हाय म्हणून कुठं बोललो न्हाई बगा. मास्तर मानूस." त्यांनी मला हात जोडले. मला. आणि मीही जोडले. मास्तर असल्याची अशी लाज आधी कधी वाटली नव्हती.

मॅडम कंत्राटी होत्या. दर जूनला नवी ऑर्डर निघायची, त्या जूनमध्ये त्यांची निघाली नाही. मीटिंगमध्ये मुख्याध्यापकांनी विचारलं, "कुणाला काही म्हणायचं आहे?" मॅडम खिडकीशी बसल्या होत्या. मी पेनाचं टोपण काढलं आणि लावलं, काढलं आणि लावलं. एक वाक्य बोललो असतो तर कदाचित त्या राहिल्या असत्या. सगळे माझं ऐकायचे. निरोपाचं मानपत्र लिहा असं मला सांगितलं, तर मॅडम म्हणाल्या, "नको. सरांना खूप काम असतं." चष्म्याच्या डबीतले उरलेले खडू त्यांनी टेबलावर ठेवले आणि रिकामी डबी घेऊन गेल्या.

यानंतर दोन वर्षं मी त्यांचं नाव काढलं नाही. काढलं सुजयनं. तो दहावी होऊन डिप्लोमाला गेला होता, एकदम गप्प झाला होता. एका संध्याकाळी म्हणाला, "पप्पा, मी तांबोळी मॅडमकडे जाऊन आलो. गॅरेजवर."

"कशाला?"

"अश्विनीसाठी चिठ्ठी लिहिली होती. सॉरीची. म्हटलं मॅडम पोचवतील. त्यांनी फोन करून तिला विचारलं, माझ्यासमोरच. ती नको म्हणाली. मॅडमनी चिठ्ठी परत दिली."

"मग?"

"मग काय. बरं म्हणालो." तो मोबाइलकडे बघत होता. "मॅडम म्हणाल्या, बसा. चहा दिला."

माझ्या मुलाला बरं म्हणता आलं, ते कुणी शिकवलं आणि शिकवणाऱ्याचं मी काय केलं, हे सगळं मला त्या एका 'बसा'मध्ये ऐकू आलं. मी उठून गॅलरीत गेलो. सुनंदा मागून आली नाही.

त्याच वर्षी वरून पत्र आलं, की नववीच्या मुलांसाठी परस्पर आदर आणि नातेसंबंध या विषयावर दर आठवड्याला तास घ्यावा. मुख्याध्यापक म्हणाले, "कुदळे सर, तुम्ही घ्या. तुमचं पोरं ऐकतात." मी हो म्हणालो. त्यानंतर चार दिवस मला धड जेवण गेलं नाही.

मॅडमना मी कासारवाडी स्टेशनवर गाठलं. गाठलं म्हणजे, दुपारच्या लोकलनं त्या देहूरोडला कुठल्याशा शाळेत शिकवायला जातात हे सुजयकडून काढून घेतलं होतं, आणि योगायोग असल्यासारखा मी फलाटावर उभा होतो. त्या आल्या. केसांत पांढरं दिसायला लागलं होतं. हातात पाण्याची स्टीलची बाटली. मला पाहून थांबल्या, वळून गेल्या नाहीत.

मी पाठ करून आलेलं सगळं विसरलो आणि शाळेच्या कामासारखं बोललो. "मॅडम, तो शनिवारचा तास आता माझ्याकडे आलाय. तुमचा तो खेळ घेऊ का वर्गात?"

"घ्या की. पण आधी तुम्ही उभे राहा. तुम्ही मागा, पोरांकडून नाही ऐका. मग पोरांना उभं करा."

इतकं सहज दिलं त्यांनी, की मला वाटलं, झालं, मिटलं. माझा जीव हलका झाला. मी म्हणालो, "मॅडम, तो अर्ज माझ्या हातचा होता. तुम्हाला माहीतच आहे. ते शेवटचं वाक्य पण माझंच. घरी जे बोललो तेही. मला माफ करा."

मॅडमनी बाटली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. रागावलेल्या दिसल्या नाहीत. विचार करत होत्या.

"नाही," त्या म्हणाल्या.

"अहो, पण मी... दोन वर्षं झाली, मला झोप..." मी बोलत सुटलो. "निदान का ते तरी..."

त्या थांबून राहिल्या. पुन्हा उभे राहा असं म्हणाल्या नाहीत, मी उभाच होतो. त्यांच्या त्या थांबण्यातच मला पत्र्यापलीकडचा वर्ग आठवला. का असं विचारायचं नाही. पुन्हा मागायचं नाही. तोंड पाडायचं नाही. पन्नाशी उलटलेला माणूस मी, आणि तिन्ही चुका एका दमात करून मोकळा झालो होतो.

लोणावळ्याकडे जाणारी गाडी दिसायला लागली. फलाटावरची माणसं पुढे सरकली.

"बरं," मी म्हणालो. गाडीच्या आवाजात ते बुडालं, म्हणून पुन्हा म्हणालो, "बरं मॅडम."

त्यांनी मान हलवली, वर्गात हलवायच्या तशी. "बसा," म्हणाल्या.

मागे सिमेंटचा बाक होता. मी बसलो. मॅडम बायकांच्या डब्यात चढल्या, दाराशी उभ्या राहिलेल्या कॉलेजच्या मुलींनी त्यांना वाट करून दिली, आणि गाडी पिंपरीच्या दिशेनं गेली. मलाही त्याच गाडीनं आकुर्डीला जायचं होतं. मी तसाच बसून राहिलो.